क्रेडिट नदीतले मेलेले सॅमन आणि नदीत काढायचे उन्हाळे

तुमच्या प्रश्नातली हकिकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वर्षभरापूर्वी पुण्याहून कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसॉगाला आलात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलीला घेऊन क्रेडिट नदीवरच्या स्ट्रीट्सव्हिलच्या बंधाऱ्यापाशी गेलात, तेव्हा हातभर लांबीचे मासे पाण्याच्या भिंतीवर उड्या घेताना दिसले. दोन आठवड्यांनी परत गेलात, तर तेच मासे काठावर, दगडांच्या सांदीत मरून पडलेले. अंगावर पांढरे चट्टे, शेपट्या झिजलेल्या, आणि दुर्गंधी. मुलगी रडवेली झाली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: नदीत कुणी काही सोडलंय का, हे सॅमन इथलेच का, आणि पकडून खाल्ले तर चालतात का.

मी या खोऱ्यात मासे मोजण्याचं काम करतो. १९ उन्हाळे झाले. मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, त्यामुळे नदी चढणारे मासे मला लहानपणापासून ओळखीचे. मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्याकडे वलगण लागते. अंड्यांनी भरलेले मासे नदीतून वहाळात, वहाळातून भातखाचरात चढतात. तुम्ही स्ट्रीट्सव्हिलला पाहिलंत ते इथलं चढण. फरक एवढाच, की आपले चढणीचे मासे अंडी घालून परत फिरतात आणि हा मासा परत फिरत नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही, नदीत कुणी विष सोडलेलं नाही. तुम्ही पाहिलेले मासे चिनूक जातीचे सॅमन होते. ऑगस्टच्या अखेरीपासून ते ऑन्टारिओ सरोवरातून नदीत शिरतात आणि शिरताना खाणं जवळजवळ थांबवतात. पोटातलं सगळं बळ चढण्यात, जोडीदारासाठी झगडण्यात आणि अंडी घालण्यात खर्च होतं. शरीर आतून संपत जातं, रोगाला तोंड देण्याची ताकद उरत नाही, मग कातडीवर बुरशी धरते. ते पांढरे चट्टे म्हणजे ही बुरशी. अंडी घातल्यावर काही दिवसांत नर-मादी दोघंही मरतात. प्रत्येक चिनूक असाच मरतो, स्वच्छातल्या स्वच्छ नदीतसुद्धा.

पण मला तुमचा खरा प्रश्न वेगळा वाटतो. तुम्हाला जाणून घ्यायचंय, की घरामागून वाहणारी ही नदी धड आहे का. आणि त्याचं उत्तर चिनूककडे नाही. कितीही चिनूक उड्या मारोत, कितीही मरोत, त्यावरून नदीच्या तब्येतीबद्दल फारच थोडं कळतं. असं का, ते कळायला नदी वरून खाली एकदा पाहावी लागते.

क्रेडिट नदी जेमतेम ९० किलोमीटर लांब. पाणलोट साधारण १,००० चौरस किलोमीटर. कॅनडाच्या नकाशावर ती शोधावी लागते. तिचा उगम ऑरेंजव्हिलच्या आसपास, नायगारा कड्याच्या माथ्यावर. हा तोच कडा ज्यावरून नायगारा धबधबा कोसळतो. तो पुढे वायव्येकडे शेकडो किलोमीटर पसरलाय, आणि क्रेडिट त्याला कापून खाली उतरते. माथ्यावर वितळत्या हिमनद्यांनी टाकून दिलेल्या वाळूचे आणि खडीचे जाड थर आहेत. पाऊस आणि वितळलेला बर्फ त्यात मुरतो, महिनोन्‌महिने जमिनीखालून सरकतो आणि झऱ्यांमधून बाहेर येतो. त्या झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण ८ ते १० अंशांचं. बाहेर जुलैचं ३२ अंशांचं ऊन असलं तरी तेवढंच, आणि जानेवारीत उणे २० असलं तरी तेवढंच. आमच्या कामात हिवाळ्यात नदीवर फिरताना जिथे बर्फ धरत नाही, काठावर हिरवीगार वॉटरक्रेस ही पाणवनस्पती दिसते, तिथे झरा आहे हे न मोजता कळतं.

पश्चिम शाखा हिल्सबर्ग, एरिनवरून बेलफाउंटनला येते, मुख्य प्रवाह कॅटरॅक्टच्या धबधब्यावरून उडी घेतो आणि दोन्ही फोर्क्स ऑफ द क्रेडिट इथे मिळतात. शरदात पानं बघायला ज्या वळणदार रस्त्यावर सगळं टोरांटो लोटतं, तोच हा संगम. याच परिसरातल्या खाणींतून निघालेल्या वालुकाश्मातून टोरांटोतली ऑन्टारिओ प्रांताच्या विधानसभेची तांबूस इमारत उभी राहिली.

कड्याखाली उतरलं की जमिनीची जात बदलते. आधी लाल मातकट शेल खडक लागतो. चेल्टनहॅम बॅडलँड्सला जाऊन आला असाल तर तो तुम्ही उघडा पाहिला आहे. झाडं तोडून, गुरं चारून वरची माती गेली आणि खालचा खडक असा वळ्यावळ्यांचा उरला. जॉर्जटाउन, नॉर्व्हल ओलांडून ब्रॅम्प्टनकडे आलं की चिकणमातीचं पठार. चिकणमातीत पाणी मुरत नाही, पडलं की वाहतं. त्यामुळे इथले ओढे पावसात फुगतात आणि ऑगस्टमध्ये ओहोळ होऊन बसतात. मग स्ट्रीट्सव्हिलपासून एरिंडेलपर्यंत नदी खोल दरीतून, करड्या शेलच्या सपाट कातळावरून, उथळ पसरून वाहते. तुम्ही जिथे उभे होतात तिथलं पाणी भर उन्हाळ्यात २५ अंशांच्या वर जातं. शेवटी पोर्ट क्रेडिटच्या अलीकडे पाणथळ आणि मग सरोवर. या शेवटच्या टप्प्यात नदी म्हणजे जवळपास सरोवराचाच हात. तिथे पाइक, बास, कार्प, सनफिश, सकर यांचं राज्य, त्यात आता युरोपातून जहाजांच्या पाण्यासोबत आलेला गोबीही.

म्हणजे एकाच नावाखाली वर थंड, झऱ्यांवर पोसलेली नदी आहे आणि खाली कोमट, पावसावर चढउतार होणारी नदी. ही गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण माशांचं सगळं गणित इथून सुटतं.

मी नव्या सहकाऱ्यांना एकच प्रश्न शिकवतो. कुठलाही मासा हातात आला की विचारायचं: याला या नदीत किती उन्हाळे काढावे लागतात?

चिनूक: एकही नाही. अंडी ऑक्टोबरात गोट्यांखाली पुरली जातात, हिवाळ्याच्या शेवटी फुटतात, एप्रिल-मेमध्ये पिल्लं गोट्यांतून वर येतात आणि जून संपेपर्यंत बहुतेक सरोवरात निघून जातात. नदी तापायच्या आत त्यांनी ती सोडलेली असते. पुढची तीन-चार वर्षं सरोवरात खाऊन मोठे होतात आणि मरायला परत येतात. म्हणून एखाद्या नदीची उन्हाळ्यात वाट लागलेली असली तरी चिनूक तिथे तग धरू शकतो. त्याला नदी लागते ती थंडीतच.

स्टीलहेड, म्हणजे सरोवरात जाऊन येणारा रेनबो ट्राउट: एक ते दोन उन्हाळे. तो शरदात किंवा हिवाळा सरताना चढतो, वसंतात अंडी घालतो आणि बहुधा जिवंत परततो. पण त्याची पिल्लं वर्ष-दोन वर्षं नदीतच राहतात. म्हणून त्याची भिस्त थंड उपनद्यांवर.

अटलांटिक सॅमन: त्याचंही तसंच, पिल्लांचे दोनेक उन्हाळे नदीत.

ब्रूक ट्राउट: सगळे. जन्मापासून मरेपर्यंत वरच्या थंड पाण्यात. पाणी २० अंशांपुढे बराच काळ राहिलं तर हा मासा आधी झऱ्याच्या तोंडाशी गोळा होतो आणि झरा नसेल तर नाहीसा होतो. इथला मूळ रहिवासी हा. पोटापाशी केशरी, पाठीवर गांडुळांनी ओढल्यासारख्या फिकट नागमोडी रेघा, कुशीवर निळ्या वलयातले लाल ठिपके आणि खालच्या प्रत्येक पराला पुढून पांढरीशुभ्र कड, जणू कुणी चुन्याची रेघ ओढलीय.

तुम्हाला नदीची नाडी पाहायची असेल तर ती या वितभर माशापाशी लागते, हातभर चिनूकपाशी नाही.

एक प्रसंग सांगतो. कॅलेडनमधल्या एका लहान ओढ्यावर आम्ही ऑगस्टमध्ये मोजणीला गेलो होतो. आमची पद्धत अशी: पाठीवर बॅटरीची पेटी, हातात कडी लावलेली काठी, पाण्यात सौम्य वीजप्रवाह सोडायचा. मासे क्षणभर गुंगतात, जाळीत घ्यायचे, मोजायचे, सोडायचे. वरच्या टप्प्यात, देवदाराच्या सावलीत, पाणी १५ अंश. तीस पावलांत अकरा ब्रूक ट्राउट मिळाले, त्यातले सात यंदाचेच, करंगळीएवढे. मग मध्ये एका खासगी जागेत ओढा अडवून केलेलं शोभेचं तळं होतं, कडेनं कापलेली हिरवळ, मध्ये कारंजं. तळ्याच्या खाली उतरलो आणि तापमापक पाण्यात धरला: २३ अंश. अर्धा किलोमीटर चाललो. क्रीक चब मिळाले, सकर मिळाले, ट्राउट एकही नाही. ओढा तोच, पाऊस तोच, वरून येणारे झरे तेच. फक्त उथळ पाणी उन्हात थांबवून ठेवलं होतं. मालकांशी पुढे दोन वर्षं बोलणं चाललं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना तळं म्हणजे निसर्गच वाटत होता. शेवटी त्यांनी प्रवाह तळ्याला वळसा घालून नेऊ दिला. तिसऱ्या वर्षी खालच्या टप्प्यात करंगळीएवढे दोन ब्रूक ट्राउट मिळाले, आणि मी ओल्या हाताने धरलेला तो मासा सोडायला मला नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला.

आता तुमचा दुसरा प्रश्न: हे सॅमन इथलेच का?

चिनूक मूळचा प्रशांत महासागराच्या किनाऱ्याचा, इथून हजारो किलोमीटरवरचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तो आणि कोहो ही सॅमनचीच दुसरी जात ऑन्टारिओ सरोवरात मुद्दाम सोडले गेले. सरोवरात तेव्हा अलेवाइफ नावाचा छोटा मासा बेसुमार वाढला होता, त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं, आणि हौशी मासेमारीलाही मोठा मासा हवा होता. आज दर शरदात क्रेडिटमध्ये चढलेल्या चिनूकची अंडी काढून पिल्लं सोडण्याच्या सरकारी कामासाठी नेली जातात, पण नदीत आपसूक जन्मलेले चिनूकही आता भरपूर आहेत. ब्राउन ट्राउट युरोपातला, रेनबो पश्चिम किनाऱ्याचा. हे सगळे माणसाने आणलेले.

इथला मूळ सॅमन म्हणजे अटलांटिक सॅमन. तो ऑन्टारिओ सरोवरातून नदीत इतक्या संख्येने चढायचा, की मूळनिवासी मिसिसॉगा लोकांचं जगणं त्याच्याभोवती गुंफलेलं होतं. अनिशिनाबे वंशाचे हे लोक, तुमच्या शहराला त्यांचंच नाव. ते नदीला मिस्सिन्निहे म्हणत, म्हणजे विश्वासाचा ओढा. व्यापारी इथे येऊन पुढल्या हंगामातल्या फरच्या भरवशावर उधार माल देत, त्यावरून इंग्रजी नाव क्रेडिट पडलं. १८०५ च्या करारात सरोवराकाठची बहुतेक जमीन गेली तरी मिसिसॉगांनी या नदीच्या मुखाजवळची मासेमारी आणि नदीच्या दोन्ही काठांची पट्टी स्वतःसाठी राखून ठेवली होती. इतका तो मासा मोलाचा. १८२० मध्ये त्यातलीही बहुतेक जमीन गेली आणि १८४७ मध्ये ते हॅगर्सव्हिलजवळ जाऊन वसले. नदी सोडली, पण नाव सोबत नेलं. आजही ते मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट म्हणूनच ओळखले जातात.

सॅमन गेला कशाने? एकाच कारणाकडे बोट दाखवणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. एकोणिसाव्या शतकात नदीवर आणि उपनद्यांवर लाकडाच्या, पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला बंधारा होता. मासा वर जाऊच शकेना. जंगल तोडलं, त्यामुळे सावली गेली आणि पाणी तापलं. नांगरलेल्या जमिनीची माती वाहून गोट्यांच्या फटींत बसली, अंड्यांना श्वास मिळेना. लाकडाचा भुसा सरळ नदीत जायचा. शिवाय रात्री मशाली पेटवून भाल्यांनी बेफाम मासेमारी चालायची. १८९८ पर्यंत ऑन्टारिओ सरोवरातला अटलांटिक सॅमन संपला.

पुन्हा उन्हाळ्यांचा हिशेब लावून पाहा. ज्या माशाला नदीत दोन उन्हाळे काढायचे असतात आणि त्यासाठी वरच्या थंड पाण्यापर्यंत पोचायचं असतं, तो या सगळ्याच्या कचाट्यात सापडला. एकही उन्हाळा न काढणारा चिनूक त्याच बिघडलेल्या नदीत सत्तर वर्षांनी येऊन सुखाने राहिला.

अटलांटिक सॅमन परत आणण्याचा कार्यक्रम २००६ मध्ये सुरू झाला आणि क्रेडिट त्यातली एक मुख्य नदी. नोव्हा स्कोशियातल्या लाहाव्ह नदीच्या, मेनमधल्या सेबागो सरोवराच्या आणि क्वेबेकमधल्या लाक सँ-झाँच्या वाणाची पिल्लं वरच्या भागात सोडली गेली. काही मासे मोठे होऊन परत आले, नदीत अंडीही घातली. पण स्वतःच्या बळावर टिकेल अशी संख्या अजून झालेली नाही. एक अडचण सरोवरातच आहे: अलेवाइफ खाल्ला की त्यातल्या एका विकरामुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि त्या मादीच्या अंड्यांतली पिल्लं लवकर दगावतात. दुसरी अडचण म्हणजे वाट. स्ट्रीट्सव्हिलच्या बंधाऱ्याला मासे चढायची पायऱ्यांसारखी वाट केलेली आहे, नॉर्व्हललाही आहे. तुम्ही म्हणाल, मग बंधारेच काढून का टाकत नाहीत? मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटायचं. पण बंधारा रक्तपिपासू सी लॅम्प्रेलाही अडवतो. हा बामसारखा दिसणारा प्राणी, जबड्याऐवजी गोल दंतुर तोंड असलेला, माशांना चिकटून रक्त शोषतो आणि त्याची पिल्लं नदीच्या गाळात वाढतात. वरचं सगळं खोरं त्याला मोकळं झालं तर मोठा घात होईल. शिवाय चढणाऱ्या स्टीलहेडला वर जाऊ द्यावं की वरचं पाणी तिथल्याच ट्राउटसाठी राखावं, हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंची माणसं नदीवर जीव लावणारी आहेत. माझा कौल वरचं पाणी ब्रूक ट्राउट आणि अटलांटिक सॅमनसाठी राखावं असा. मोठ्या परक्या माशाला खाली जागा पुष्कळ आहे, या दोघांना वर सोडून कुठेच नाही.

तुमच्या मुलीला पुढच्या वर्षी मासे ओळखायला शिकवायचे असतील तर या खुणा पुरतात. चिनूकच्या हिरड्या काळ्या आणि शेपटीच्या वरच्या-खालच्या दोन्ही भागांवर काळे ठिपके. कोहोच्या हिरड्या पांढुरक्या आणि ठिपके फक्त शेपटीच्या वरच्या भागावर. स्टीलहेडचं तोंड आतून पांढरं, कुशीवर गुलाबी पट्टा, शेपटीवर ओळींनी ठिपके. अटलांटिकच्या अंगावर फुलीच्या आकाराचे तुरळक काळे ठिपके आणि शेपटी जवळजवळ कोरी. तो ब्राउन ट्राउटशी हटकून गल्लत करायला लावतो, त्यामुळे शंका असेल तेव्हा अटलांटिक धरून चालायचं आणि सोडून द्यायचं. आणि हो, बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात त्याचा यांच्याशी काही संबंध नाही. रावस वेगळ्याच कुळातला.

खाण्याबद्दल. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. १८ ते ६४ वयाच्या माणसाला मासेमारीचा परवाना लागतो. कुठल्या जागी, कुठल्या महिन्यात, कुठला मासा, किती, हे दर वर्षीच्या प्रांतीय नियमपुस्तिकेत पाहायचं. क्रेडिटच्या वेगवेगळ्या टप्प्यांना वेगवेगळे नियम आहेत, म्हणून शेजाऱ्याने सांगितलं यावर जाऊ नका. काही गोष्टी मात्र कायमच्या: मासा चढायच्या वाटेच्या किंवा बंधाऱ्याच्या खाली साधारण २३ मीटरांच्या आत गळ टाकायचा नाही. गळ तोंडात न अडकता पाठीत-पोटात अडकला तर मासा सोडावाच लागतो, आणि मुद्दाम तसा अडकवणं गुन्हा आहे. हाताने, जाळ्याने, टोपलीने धरणंही. गाभोळी काढून उरलेला मासा टाकून देणं हाही गुन्हा. हे आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण गावाकडे चढणीचा मासा काठीने मारून आणणं ही मौज असते आणि मी स्वतः ती केली आहे. इथे त्याची किंमत जबर दंडात मोजावी लागते.

चवीचं म्हणाल तर स्ट्रीट्सव्हिलपर्यंत चढलेल्या चिनूकच्या मांसात राम उरत नाही. फिकट, मऊ, पाणचट. तो आमटीत घालाल तर विरघळेल. शिवाय मोठ्या सरोवरातला मोठा मासा म्हणजे वर्षानुवर्षं साठलेला पारा आणि पीसीबी ही जुनी औद्योगिक रसायनं. ऑन्टारिओ सरकार कुठल्या पाण्यातला, किती लांबीचा, कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याचं मार्गदर्शन प्रसिद्ध करतं. गरोदर होऊ शकणाऱ्या स्त्रिया आणि १५ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यात वेगळी, कडक मर्यादा आहे. कातडी आणि चरबी काढून टाकली तर पीसीबी कमी होतात, पारा होत नाही, कारण तो मांसातच असतो. घरात लहान मुलगी आहे, तर मी तुमच्या जागी असतो तर नदीतला चिनूक खाल्ला नसता.

मेलेले मासे पाहून खरोखर कधी घाबरायचं, हेही सांगतो. शरदात फक्त मोठे चिनूक मेलेले दिसले तर काळजी नको. पण जूनमध्ये किंवा ऑगस्टमध्ये एकाच ठिकाणी वेगवेगळ्या जातींचे, लहान-मोठे मासे एकदम मेलेले दिसले, किंवा जिवंत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसले, किंवा पाण्यावर तवंग, फेस, रसायनाचा वास आला, तर त्याच क्षणी प्रांताच्या गळती नोंदवणाऱ्या केंद्राला फोन करा. जागा, वेळ आणि फोटो. तासाभरात पाणी पुढे गेलेलं असतं, पुरावा त्यासोबत जातो.

आणि तुमच्या भागातल्या खऱ्या आजाराचं नाव सांगायचं तर ते मीठ. हिवाळ्यात रस्त्यांवर, पार्किंगमध्ये, घरासमोर टाकलेलं सगळं मीठ वितळत्या बर्फासोबत ओढ्यात येतं. पाण्यातल्या जीवांसाठी दीर्घकाळची सुरक्षित पातळी लिटरमागे १२० मिलिग्रॅम क्लोराइड आणि अल्पकाळची ६४० मिलिग्रॅम धरली आहे. मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनच्या ओढ्यांत फेब्रुवारीतल्या एखाद्या उबदार दिवशी ही मर्यादा सर्रास ओलांडली जाते. मीठ भूजलातही मुरतं, आणि मग ज्या झऱ्यांवर उन्हाळा तरायचा तेच खारट होत जातात. ब्रॅम्प्टनच्या वस्तीतून वाहणाऱ्या फ्लेचर्स क्रीकमध्ये रेडसाइड डेस नावाचा मासा आहे, बोटाएवढा, कुशीवर लाल पट्टा. पाण्यावर उडणारे किडे तो हवेत झेप घेऊन पकडतो. कॅनडात तो संकटग्रस्त प्रजातींत मोडतो. आपली कितीतरी मराठी कुटुंबं ज्या नव्या वसाहतींत राहायला आली आहेत, त्यांच्या मागच्याच ओढ्यात या माशाची शेवटची काही डबकी उरली आहेत.

म्हणून तुमच्यासारख्या घराने काय करावं: बर्फ आधी फावड्याने काढा आणि मग लागलंच तर थोडं मीठ, पायवाटेवर दाणे विरळ दिसतील इतकं. खूप थंडीत ते काम करत नाही, तेव्हा वाळू टाका. छपराचं पाणी गटारात न सोडता हिरवळीवर सोडा, म्हणजे थोडं तरी मुरेल. घरातले गोल्डफिश कंटाळा आला म्हणून वसाहतीच्या तळ्यात सोडू नका. ते थंडीत मरत नाहीत, वाढतात आणि पुरात नदीत उतरतात. आणि ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत उथळ, खडीच्या भागात पाण्यात उतरू नका, कुत्र्यालाही सोडू नका. तळाशी बशीसारखा फिकट, स्वच्छ खळगा दिसतो ना, जणू कुणी गोटे धुऊन ठेवलेत? मादीने कुशीवर होऊन शेपटीने तो खणलेला असतो आणि त्याच्या खालच्या अंगाला, वितभर खोल, अंडी असतात. एका पावलात शेकडो चिरडतात.

तुमची मुलगी मेलेल्या माशांसाठी हळहळली, तर तिला मेमध्ये परत घेऊन जा. एरिंडेल पार्कमध्ये किंवा स्ट्रीट्सव्हिलच्या खाली, जिथे प्रवाह मंद आहे आणि काठचं गवत पाण्यात वाकलंय, तिथे काठावरच बसा. सावली पाण्यावर पडू देऊ नका, पाच-सात मिनिटं हलू नका. आधी फक्त गोटे दिसतील. मग एखादा गोटा सरकल्यासारखा वाटेल. ती पिल्लं असतात, बोटाच्या दोन पेरांएवढी, कुशीवर बोटं उमटल्यासारखे उभे काळपट पट्टे, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे. त्यांतले बरेच तुम्ही ऑक्टोबरात पाहिलेल्या माशांचे. तीन-चार आठवडे मिळतील तुम्हाला. जूनच्या अखेरीस ती जागा रिकामी असेल.